रक्तक्लथनरोधके व आहार

रक्त साखळण्याची (गोठण्याची) क्रिया मंदावणाऱ्या औषधांना रक्तक्लथनरोधके म्हणतात. त्यांपैकी वॉरफॅरिन व भारतात पुष्कळ वापरले जाणारे ॲसिनोकूमारॉल यांचा आहाराशी निकट संबंध आहे. ही औषधे व त्यांचा उतारा ठरलेले के जीवनसत्त्व, दोन्ही खाद्याच्या अभ्यासातूनच हाती आली.

१९२० नंतर कॅनडात व अमेरिकेच्या उत्तर भागात गुरे अंतर्गत रक्तस्रावाने दगावू लागली. बुरशी आलेला स्वीट क्लोव्हर हा चारा त्यास कारण असल्याचे फ्रँक स्कोफील्ड या पशुवैद्यांनी दाखविले. (ही वनस्पती मेथीच्या जवळच्या नात्यातील आहे.) १९३३ मध्ये विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी मेलेली कालवड व न साखळणारे रक्त घेऊन मॅडिसन येथे कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत आला. चाऱ्यातील डिक्युमारॉल हे द्रव्य वेगळे करण्यास १९३९ साल उजाडले. त्याच वर्गातील वॉरफॅरिन १९४८ मध्ये उंदरांचे विष म्हणून पुढे आले. १९५४ मध्ये त्यास औषध म्हणून मान्यता मिळाली. के जीवनसत्त्वाचा शोध मात्र कोपनहेगन येथे हेन्रिक डाम यांनी कोंबडीच्या पिलांवरील आहारप्रयोगांतून लावला होता (१९२९–३५).

यकृतात प्रोथ्राँबिनासारखे क्लथन घटक तयार होताना वापरले गेलेले के जीवनसत्त्व पुन्हा कार्यक्षम होते. वॉरफॅरिन नेमकी हीच क्रिया रोखते. त्यामुळे आहारातील जीवनसत्त्व वाढले की औषध निष्प्रभ होऊन गुठळीचा धोका संभवतो व ते घटले की रक्तस्रावाचा.

पुण्यातील पारंपरिक आहारात ही चढउतार पंचांगाबरोबर होते. पंगतीतील अळूची पातळ भाजी, मेथी, पालक व कोथिंबीर यांत हे जीवनसत्त्व विपुल असते (१०० ग्रॅ. कच्च्या पालकात सुमारे ४८० मायक्रोग्रॅम), उपवासाच्या साबुदाण्यात व बटाट्यात ते नगण्य असते. पालेभाज्या पूर्णपणे वर्ज्य करण्याचा सल्ला मात्र इष्ट नव्हे. जीवनसत्त्वाचा साठा तुटपुंजा असला, तर मेथीची एखादी जुडीही रक्ताची चाचणी बिघडवू शकते. रोजचे प्रमाण सारखे राखणे व उपवास किंवा आहारबदल वैद्यास आधी कळविणे अधिक हितावह होय.

पूरक गोळ्यांबाबत अधिक सावधगिरी हवी. ई जीवनसत्त्वाची मोठी मात्रा किंवा लसणाचा अर्क यांनी रक्तस्रावाची शक्यता वाढते. बहुजीवनसत्त्वाच्या काही गोळ्यांत के जीवनसत्त्वच असते. वैद्याने विचारल्यावरही पुष्कळांना ही ‘औषधे’ वाटत नाहीत.

२०१० नंतर प्रचारात आलेल्या डॅबिगाट्रानसारख्या औषधांना पालेभाजीचा अडसर नाही. परंतु हृदयात कृत्रिम धातूची झडप बसविलेल्यांना ती चालत नाहीत व त्यांना जुनेच औषध घ्यावे लागते.