पेटणारा बर्फ, आणि एकाच जागेचे दोन आकडे

आजचा विषय बर्फाचा आहे. पण हा बर्फ असा, की काडी लावली की पेटतो. पाण्याच्या रेणूंचा पिंजरा तयार होतो आणि त्यात मिथेनचा रेणू अडकून बसतो. थंडी आणि दाब, दोन्ही असेपर्यंत हा संसार टिकतो. याला म्हणायचं गॅस हायड्रेट. एक घनमीटर हायड्रेट विरघळलं तर साधारण १६४ घनमीटर वायू सुटतो. सरकारांना यात रस का, ते एवढ्यावरूनच कळेल.

सुरुवातीचा इतिहास भराभर सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हंफ्री डेव्ही क्लोरीनवर प्रयोग करत होता, तेव्हा असला पदार्थ पहिल्यांदा लक्षात आला. पुढची शंभरेक वर्षं ती प्रयोगशाळेतली गंमतच राहिली. १९३४ मध्ये हॅमरश्मिट यांनी दाखवलं की गॅसच्या पाइपलाइनी ज्याने तुंबतात ते साधं बर्फ नाही, हायड्रेट आहे. मग सोव्हिएत शास्त्रज्ञ सांगू लागले की सैबेरियात हे जमिनीखाली आपोआपच तयार होतं.

खरी अडचण इथून पुढे आहे. दगडाचा नमुना कपाटात ठेवता येतो, पन्नास वर्षांनी दुसरा कुणी येऊन तपासतो. हायड्रेटचं तसं नाही. समुद्रतळातून वर आणता आणताच ते फसफसून जायला लागतं. जहाजावर मग काय करतात? कोअर वर आला की त्यावर इन्फ्रारेड कॅमेरा फिरवतात, कारण हायड्रेट विरघळताना आजूबाजूचा भाग गार पडतो. चिखल पिळून त्यातल्या पाण्याचा खारेपणा मोजतात, कारण हायड्रेट मीठ आत घेत नाही आणि ते विरघळलं की पाणी गोडसर होतं. म्हणजे बघा, वस्तू गेली, आकडे उरले. ते दाबून ठेवले तर जो त्या दिवशी जहाजावर नव्हता त्याच्यासाठी ते हायड्रेट कधी नव्हतंच! आणि गंमत अशी की या संशोधनाला पैसा बहुतेक तेलखात्यांचा, आणि आकडे कुलपात ठेवणं हा तेलाच्या धंद्याचा स्वभावच.

कॅनडात मॅकेन्झी नदीच्या मुखाशी मॅलिक नावाची जागा आहे. २००२ मध्ये तिथे कॅनडा, जपान, अमेरिका, जर्मनी यांनी मिळून विहिरी खोदल्या. आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं, पण भारतही त्यात भागीदार होता, ओएनजीसी आणि गेलच्या मार्फत. गरम पाणी खेळवून पाच दिवसांत जेमतेम ४७० घनमीटर वायू मिळाला. चूल पेटायला ठीक, व्यापाराला नाही. पण सगळी मोजमापं २००५ मध्ये कॅनडाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने एका जाडजूड खंडात छापून टाकली. माझ्या मते मॅलिकची मोठी कमाई त्या वायूपेक्षा हा खंड आहे.

आता २००६. ‘जॉइडेस रिझोल्यूशन’ हे जहाज एप्रिलअखेर मुंबईहून निघालं आणि ऑगस्टमध्ये चेन्नईला मोहीम संपली. मोहीम भारताची, हायड्रोकार्बन महासंचालनालयाची. शास्त्रीय नेतृत्वात अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे टिमोथी कॉलेट. आपल्या गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचाही सहभाग. २१ जागा, ३९ छिद्रं. पहिली जागा केरळ-कोकण किनाऱ्यासमोरची. तिथे हायड्रेट मिळालंच नाही! आणि हे २००८ च्या अहवालात सरळ नोंदलेलं आहे. रिकामं छिद्र जाहीर करणं सोपं नसतं बरं का, खर्चाचा हिशेब विचारणारे असतातच. पण पुढच्या माणसाला ते कळलं नाही तर तो पुन्हा तिथेच खोदणार.

कृष्णा-गोदावरी खोऱ्यात मात्र, समुद्राच्या सुमारे एक किलोमीटर खोलीखाली, जागा क्रमांक १० ने सगळ्यांना चकित केलं. चिकणमातीत १३० मीटरच्या आसपास जाडीचा हायड्रेटचा थर! विजेचा रोध मोजून नेहमीच्या सूत्राने हिशेब केला, तर मातीतल्या पोकळीचा ५० टक्क्यांहून जास्त, कुठे कुठे ८० टक्के भाग हायड्रेटने भरलेला. पण शेजारच्याच छिद्रांतून काही कोअर मूळ दाबातच, बंद नळीत वर आणले होते. त्यांतला वायू मोजला, तर उत्तर २६ टक्क्यांच्या आत.

जागा एकच, आकडे दोन, आणि फरक तिपटीचा. खरं कुठलं?

त्या दाबाखालच्या कोअरची क्ष-किरण चित्रं पाहिली तेव्हा उलगडा झाला. हायड्रेट मातीत सारखं पसरलेलं नव्हतं, ते जवळजवळ उभ्या भेगांमध्ये भरलेलं होतं. उभ्या भिंती आडव्या जाणाऱ्यालाच अडवतात ना? वीज आडवी गेली, प्रत्येक भिंतीला अडली, आणि सूत्राला वाटलं सगळंच भरलेलं आहे. ली आणि कॉलेट यांनी २००९ मध्ये भेगांचा हिशेब धरून गणित पुन्हा मांडलं, तेव्हा कुठे दोन्ही आकडे जवळ आले.

विजेची नोंद एकाकडे आणि दाबाचे कोअर दुसऱ्याकडे बंद राहिले असते, तर देशाच्या फायलीत ८० टक्केच बसले असते. खोदण्याच्या आधीपासून आपल्याकडे १८९४ लाख कोटी घनमीटर हा साठ्याचा अंदाज फिरत होताच. त्यातलं काढता येण्याजोगं किती, हे तो आकडा सांगत नाही. चिकणमातीच्या भेगांतून वायू काढणं भलतंच कठीण, वाळूच्या थरातून त्या मानाने सोपं. म्हणून २०१५ ची दुसरी मोहीम, जपानच्या ‘चिक्यू’ जहाजावरची, मुद्दाम वाळू शोधत निघाली.