मेंदूतला सरस

मेंदू म्हटला, की आपल्याला आठवतात त्या चेतापेशी. विचार, स्मरण, हालचाल, सारे श्रेय त्यांच्याच खात्यावर जमा होते. पण या पेशी पोकळीत लटकत नसतात. त्यांच्या आजूबाजूला आधारपेशी असतात आणि मधल्या फटींत शर्करा व प्रथिने यांचे जाळे पसरलेले असते.

१८५६ साली जर्मन वैद्य रुडॉल्फ विर्खो यांनी या मधल्या भागाला ‘न्यूरोग्लिया’ हे नाव दिले. ग्रीक ‘ग्लिया’ म्हणजे सरस. सुताराचा सरस फळ्या धरून ठेवतो, तसा हा पदार्थ चेतापेशींना धरून ठेवतो, अशी त्यांची कल्पना. हे नाव रुजले आणि ‘नुसते भरताड’ ही समजूतही रुजली.

१८७३ मध्ये इटलीच्या कामिल्लो गोल्जी यांनी चांदीच्या क्षाराने चेतापेशी काळ्या रंगवण्याची रीत शोधली. पुढे १८९८ मध्ये त्यांनी चेतापेशींना वेढणाऱ्या नाजूक जाळीचे वर्णन केले. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांना ते पटले नाही. रंगवताना काहीतरी साकळले आणि जाळी दिसली, असे त्यांचे म्हणणे. १९०६ चे नोबेल दोघांना विभागून मिळाले, पण मतभेद मिटले नाहीत. चेतापेशी सुट्या असतात, हा काहाल यांचा मुख्य सिद्धांत खरा ठरला. त्यापुढे गोल्जींची जाळी अनेक दशके अडगळीत पडली.

ती खरी होतीच, शिवाय कामाचीही होती. बालवयात एक डोळा झाकला, तर मेंदू उघड्या डोळ्याकडे झुकतो. मोठेपणी तसे होत नाही. मंद डोळ्यावरचे उपचार लहानपणीच करा, असे डॉक्टर सांगतात ते यासाठीच. २००२ मध्ये इटलीतील पिसाच्या संशोधकांनी प्रौढ उंदरांच्या दृष्टिकेंद्रातील ही जाळी एका विकराने विरघळवली, तेव्हा बालपणीची लवचीकता परतली. म्हणजे मेंदू पक्का होताना ही जाळी विणली जाते आणि शिकलेले सांभाळते.

मग ती माणसातही सैल करून दुखापत झालेल्या मेंदूला पुन्हा शिकवता येईल का? मोह होतो खरा. पण जी गाठ नवे येऊ देत नाही, तीच जुने सुटू देत नाही. मराठीत ‘सरस’ या शब्दाला ‘अधिक चांगला’ असाही अर्थ आहे. विर्खोंच्या सरसाला तो शोभून दिसतो.