आलाचा रंग आणि कोलेस्टेरॉलची गोळी

मध्य हिंदुस्थानापासून वऱ्हाडापर्यंतच्या काळ्या जमिनीत एके काळी आल पिकत असे. आल म्हणजे बारतोंडीच्या कुळातले, केवळ मुळांसाठी लावलेले झाड. तीनचार वर्षे जमिनीत मुरू दिल्यावर त्याची मुळे खणून काढीत, आणि रंग सालीत उतरत असल्याने त्यांतली बारीक मुळे अधिक मोलाची समजत. त्या रंगात बुडवलेला जाडाभरडा लाल खारवा सावकाराच्या चोपडीच्या बांधणीलाही लागे. ते पीक आता नाही. १८६८ साली ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेतले अलिझरिन कोळशाच्या डांबरापासून सिद्ध केले, आणि तो स्वस्त विलायती लाल रंग येथील बाजारात उतरताच आलाची शेती पाहता पाहता बसली. आज अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयासमोर किंवा अमरावतीच्या इर्विन रुग्णालयापाशी, कोलेस्टेरॉलची चिठ्ठी हाती घेतलेला मनुष्य कंपनीची गोळी सोडून जेनेरिक गोळी घेतो तेव्हा त्याचे जे पैसे वाचतात, ते त्याच जर्मन रंगधंद्यातून निघालेल्या एका कायदेशीर कल्पनेमुळे वाचतात, असे माझे ठाम मत आहे.

औषधाची सर्वश्रुत हकिकत थोडक्यात आटोपतो. जपानात अकिरा एंडो यांना १९७३ साली, क्योटोतल्या तांदळावरून मिळालेल्या एका बुरशीत, कोलेस्टेरॉलच्या उत्पत्तीला अटकाव करणारे द्रव्य सापडले. त्या वर्गातले पहिले औषध, लोव्हास्टॅटिन, १९८७ साली अमेरिकेत मंजूर झाले. ब्रूस रॉथ यांनी १९८५ साली रचलेले ॲटोरव्हास्टॅटिन १९९७ साली ‘लिपिटॉर’ या नावाने विक्रीस आले आणि २०११च्या नोव्हेंबरअखेर त्याचा अमेरिकेतला मक्ता संपला.

आपल्याकडे मात्र हा क्रम लागू पडत नाही. ॲटोर्वा, ॲटॉरलिप, स्टॉरव्हास, ॲझटॉर ही मेडिकलच्या फळीवरची जी नावे रुग्णांच्या तोंडी बसली आहेत, त्यांतले एकही मूळ शोधकाचे नाही. ही सारी हिंदी कारखान्यांनी रीतसर तयार केलेली प्रतिरूपे आहेत, आणि त्यांतले मूळ द्रव्य एकच आहे. ‘ब्रँडवरून जेनेरिकवर’ जाणे म्हणजे आपल्या देशात एका प्रतिरूपावरून, जाहिरात नसलेल्या दुसऱ्या प्रतिरूपावर जाणे होय. हे शक्य कसे झाले, हाच खरा प्रश्न आहे.

इंग्रजी अमदानीतला १९११चा पेटंट कायदा औषधाच्या द्रव्यावरच मक्ता देत असे. स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती बक्षी टेकचंद यांच्या समितीने या विषयाची पहिली तपासणी केली. पुढे १९५७ साली हे काम न्यायमूर्ती एन. राजगोपाल अय्यंगार यांजकडे सोपवण्यात आले, आणि सप्टेंबर १९५९मध्ये त्यांनी अहवाल सादर केला. अन्न व औषध यांच्या द्रव्यावर मक्ता देऊ नये, ते तयार करण्याच्या विशिष्ट कृतीवर तेवढा द्यावा, ही त्यातली शिफारस १९७०च्या कायद्यात उतरली आणि २० एप्रिल १९७२पासून अमलात आली. द्रव्य कोणाचेच नाही, वाट मात्र ज्याची त्याची, हा भेद आला कोठून?

त्याचे उत्तर फ्रान्समधील लिआँ या रेशमाच्या शहरात आहे. तेथे १८५९ साली वर्गाँ नावाच्या रसायनज्ञाने फुक्सिन हा किरमिजी रंग शोधला आणि रनार बंधूंनी त्याचा मक्ता घेतला. फ्रेंच कायदा द्रव्यालाच संरक्षण देत असल्यामुळे दुसऱ्या कोणी अधिक चांगल्या व अधिक स्वस्त कृतीने तोच रंग काढला तरी तो गुन्हेगार ठरू लागला. न्यायालयांनीही मक्तेदारांचीच बाजू उचलून धरली. परिणामी बुद्धिमान रंगरसायनज्ञ सरहद्द ओलांडून स्वित्झर्लंडातल्या बाझलला गेले आणि फ्रान्सचा तो धंदा खालावला. जर्मन रसायनज्ञांनी हे सर्व डोळ्यांनी पाहिले होते. म्हणून १८७७ साली साम्राज्याच्या पेटंट कायद्याचा मसुदा सिद्ध होत असता अन्न, औषध आणि रासायनिक द्रव्ये मक्त्याबाहेर ठेवून कृतीला तेवढे संरक्षण देण्याचे कलम त्यांनी आग्रहाने घालून घेतले, आणि ते तिकडे १९६८पर्यंत टिकले. अय्यंगारांनी आपल्या अहवालात जर्मन कायद्याचा दाखला घेतला आहे. फुक्सिनचा धडा त्या दाखल्याच्या पाठीशी होता, असे मी धरून चालतो.

यावर कोणी म्हणेल की इटलीनेही औषधांचे पेटंट नाकारले होते, मग उसनवारी जर्मनीचीच कशावरून? इटलीत द्रव्य आणि कृती या दोहोंवरही औषधापुरता मक्ता नव्हता, आपण कृतीचा मक्ता ठेवला. तेव्हा साचा इटालियन नव्हे, जर्मनच आहे. आपली भर एवढीच की मुदत मोहोर लागल्यापासून पाच वर्षे किंवा पेटंटाच्या तारखेपासून सात वर्षे, यांतली जी अल्प ती. दुसरा पक्ष देशी कारखानदारांच्या आग्रहाकडे, आणि हिंदुस्थानातल्या औषधांचे दर जगातल्या अत्युच्च दरांत मोडतात या अमेरिकन सिनेटच्या केफॉव्हर समितीच्या निष्कर्षाकडे बोट दाखवतो. ही कारणे खरी आहेत; पण कायदा का झाला हे त्यांनी कळते, तो याच आकाराचा का झाला हे कळत नाही.

आता आलाकडे परत येतो. अलिझरिनचा शोध १८७७च्या आधीचा हे मला मान्य आहे. परंतु जर्मनीत तेव्हा एकसंध पेटंट कायदाच नव्हता, त्यामुळे हेक्स्ट, बायर असे अनेक कारखाने तो रंग करू लागले, आणि त्यांच्या चढाओढीत दर कोसळला. द्रव्यावर कोणाचा मक्ता नसला की करणारे वाढतात आणि किंमत उतरते. वऱ्हाडातल्या आलकऱ्याला या नियमाने बुडवले, आणि त्याच्याच मुलखातल्या रुग्णाला तो आज तारतो आहे.

मग गिऱ्हाईक अडखळते कोठे? “डॉक्टरनं लिहून देल्ली थेच गोयी पाह्यजे भाऊ,” असे खिडकीपाशी ऐकू येते, आणि त्यात अडाणीपणा नाही, रास्त काळजी आहे. ब्रँडनावे क्रमाक्रमाने रद्द करावीत अशी औषधधंद्याविषयीच्या सरकारी हाथी समितीने १९७५ साली शिफारस केली होती. ती पूर्णत्वास गेली नाही, आणि नावाचा विश्वास तसाच राहिला. शंकेचे उत्तर पुराव्यानेच द्यावयास हवे. ॲटोरव्हास्टॅटिन पाण्यात कष्टाने विरघळणाऱ्या औषधांच्या वर्गात पडते, आणि अशा औषधांच्या नव्या परवान्यासाठी ते रक्तात मूळ औषधाइतकेच उतरते याची चाचणी २०१७च्या नियमाने सक्तीची झाली आहे. गोळ्यांच्या पट्टीवर ‘ॲटोरव्हास्टॅटिन टॅब्लेट्स आय. पी.’ हे नाव आणि चिठ्ठीतलीच मात्रा, दहा असेल तर दहाच मिलिग्रॅम, आहे ना हे पाहावे. डॉक्टरांना सांगून बदल करावा, एक दिवसही खंड पडू देऊ नये, आणि सहा ते बारा आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल करून घ्यावे. आकडा जागेवर असला की वाद मिटला. आणखी एक ध्यानात ठेवावे: २००८पासून निघालेल्या जनऔषधी दुकानांत छापील किंमतच कमी असते, इतर पुष्कळशा जेनेरिकवर ती चढी छापून दुकानदार सूट देतो, म्हणून इतर दुकानांत भाव विचारण्यास संकोच करू नये.

१ जानेवारी २००५पासून द्रव्यावरचा मक्ता आपल्या कायद्यात परत आला. ॲटोरव्हास्टॅटिन आणि त्याच वर्गातले रोसुव्हास्टॅटिन या दोहोंचे शोध त्या व्यवस्थेच्या पुष्कळ आधीचे, म्हणून ती सुटली. वर्षातून दोनदा टोचून घ्यावयाचे इंक्लिसिरान हे कोलेस्टेरॉलवरचे नवे औषध मात्र नव्या कायद्याच्या अमदानीत जन्मलेले आहे, आणि १९७०च्या कलमाचा आधार त्याला मिळावयाचा नाही; ते ज्यांना खरोखर लागेल अशा वऱ्हाडातल्या रुग्णांना त्याची किंमत आज झेपणारी नाही.