सर्पगंधा ते पूरक औषध : उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यावरील औषधचाचण्यांचा इतिहास

प्रस्तावना :
रत्नागिरी येथील मनोरुग्णालयाची स्थापना १८८६ साली झाली. त्या काळी नैराश्यावर परिणामकारक औषध नव्हते व १८५८ च्या कायद्याचा भर रुग्णास बंदिस्त ठेवण्यावर होता. कोकणच्या रानात आढळणारी सर्पगंधा मात्र पुढे या औषधांच्या इतिहासाशी जोडली गेली.

सर्पगंधेचा प्रवास :
१९३१ साली कलकत्त्याच्या सेन व बोस यांनी वेड आणि उच्च रक्तदाब यांवर सर्पगंधेचा उपयोग नोंदविला. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाविषयीची आपली निरीक्षणे ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केली. १९५२ साली सर्पगंधेपासून रिसर्पिन वेगळे करण्यात आले. ते घेणारे काही रुग्ण खिन्न झाल्याचे अहवाल आले. त्याने मेंदूतील सेरोटोनिन घटते, हेही आढळले. त्यातूनच अशा द्रव्यांच्या उणिवेमुळे नैराश्य येते या गृहीतकास बळ मिळाले. अलीकडील परीक्षणांत मात्र रिसर्पिन व नैराश्य यांचा संबंध निःसंशय सिद्ध झालेला नाही.

पूरक औषधाची कसोटी :
१९५७ साली इमिप्रामिनचे नैराश्यावरील परिणाम प्रसिद्ध झाले. परंतु सर्वच रुग्णांना गुण येईना. १९६७ साली चेकोस्लोव्हाकियातील हाश्कोवेत्स व रिशानेक यांनी अशा रुग्णांना इमिप्रामिनच्या जोडीला रिसर्पिनच दिले व सुधारणा नोंदविली. ज्या औषधावर नैराश्याचा ठपका होता, तेच उपाय म्हणून पुढे आले. त्या निष्कर्षास नंतर पुरेसा दुजोरा मिळाला नाही. याउलट, १९८१ साली कॅनडातील द माँतिग्नी यांनी अवघ्या आठ रुग्णांवर केलेला लिथियमचा पूरक प्रयोग पुढील नियंत्रित चाचण्यांत टिकला. २००६ च्या अमेरिकन 'स्टार-डी' अभ्यासाच्या तिसऱ्या टप्प्यात लिथियम जोडलेल्या १५.९ टक्के, तर थायरॉइड संप्रेरक जोडलेल्या २४.७ टक्के रुग्णांची लक्षणे ओसरली. तेथे निष्क्रिय गोळी घेणारा गट नव्हता. त्यामुळे यातील किती सुधारणा औषधाची व किती काळाच्या ओघातील, हे ठरविता येत नाही.

निष्कर्ष :
उत्साहवर्धक निरीक्षण हा चाचणीचा आरंभ असतो, शेवट नव्हे, हे रिसर्पिनच्या इतिहासावरून स्पष्ट होते. दुसरी अट संमतीची आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार संशोधनासाठी रुग्णाची स्वेच्छेची व माहितीपूर्ण संमती आवश्यक आहे. बंदिस्त ठेवण्याच्या कायद्यापासून संमतीच्या कायद्यापर्यंतचे हे अंतर रत्नागिरीसारख्या जुन्या संस्थेच्या आयुष्यातच कापले गेले. पूरक औषधाचे मूल्य ठरविताना या दोन्ही कसोट्या सारख्याच महत्त्वाच्या ठरतात.