सेवायोजन व्यवस्था, महाराष्ट्रातील

सेवायोजन व्यवस्था, महाराष्ट्रातील : काम शोधणारा मनुष्य आणि मनुष्यबळ शोधणारा मालक यांची विनामूल्य गाठ घालून देणारी सार्वजनिक यंत्रणा. तिचे बाह्य स्वरूप साधे असते : नोंदवही, रिक्त जागांची सूची आणि पाठवणीची चिठ्ठी. परंतु कामाच्या दरवाजाची किल्ली कोणाच्या हाती राहावी, हा जुना व कडवट प्रश्न त्या नोंदवहीमागे उभा असतो. ती मुकादमाच्या हाती राहिली, तर कामगाराला रोजगारासाठी दस्तुरी मोजावी लागते. ती केवळ सरकारी कारकुनाच्या हाती गेली, तर मालक त्या दाराकडे फिरकत नाही. म्हणून ही यंत्रणा शासनाने चालवावी, पण तिच्या कारभारात मालक व कामगार या दोघांच्याही प्रतिनिधींना स्थान असावे, हे तत्त्व विसाव्या शतकात जगभर मान्य होत गेले. महाराष्ट्रात त्याचे प्रयोग गिरणी, गोदी, जहाज आणि बाजारपेठ या चार ठिकाणी झाले व त्यांचे यश सारखे नाही.

ग्रेट ब्रिटनमध्ये १९०९ च्या कायद्याने सरकारी सेवायोजन कार्यालये सुरू झाली. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने स्थापनेच्याच वर्षी, १९१९ मध्ये, बेकारीविषयक संकेत संमत केला. त्यात विनामूल्य सार्वजनिक कार्यालये आणि त्यांना सल्ला देणाऱ्या समित्यांवर मालक-कामगारांचे प्रतिनिधी, अशी योजना होती. हिंदुस्थान सरकारने १९२१ मध्ये या संकेतास मान्यता दिली, पण १९३८ मध्ये ती काढून घेतली. मधल्या काळात कार्यालये निघालीच नाहीत. कारखान्याच्या फाटकाशीच हवे तेवढे मजूर उभे असताना मालक अशा कार्यालयांचा उपयोग करणार नाहीत, असा निष्कर्ष मजूरविषयक शाही आयोगाने (१९३१) काढला होता. निरीक्षण खरे होते; मात्र फाटकाशी उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने पाहिले, तर तोच युक्तिवाद कार्यालयांच्या आवश्यकतेचा पुरावा ठरतो. आयोगाने जॉबरकडून नोकरभरतीचा अधिकार काढून घ्यावा व कारखान्यांत मजूर अधिकारी नेमावेत, अशी शिफारसही केली.

हा जॉबर मुंबईच्या गिरणीधंद्यातील मध्यवर्ती पुरुष होय. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत मुंबईच्या गिरणी कामगारांत रत्नागिरी जिल्ह्यातून आलेल्यांचा वाटा सर्वांत मोठा होता. चिपळूण, खेड, संगमेश्वर या तालुक्यांतील घाटपायथ्याच्या गावांत भाताचे एक पीक निघे आणि ते वर्षभर पुरत नसे. घरातील एकदोन पुरुष गिरणगावात जाऊन मनिऑर्डरी पाठवीत आणि त्यांवर गावाकडचा खर्च चाले. नव्याने आलेला तरुण गाववाल्यांच्या खोलीत उतरे, खानावळीत जेवे आणि ओळखीच्या जॉबरमार्फत खात्यात शिरे. जॉबर हा एकाच वेळी भरती करणारा, काम शिकविणारा, काम करवून घेणारा, प्रसंगी उसने पैसे देणारा आणि कामावरून काढणाराही असे. स्त्रियांच्या खात्यांत हेच काम नायकीण करी. त्याच्याशिवाय परक्या शहरात निभाव लागत नसे, हे खरे. पण त्याची मर्जी राखण्याची किंमत पगारातून वजा होत असे, हेही तितकेच खरे. गैरहजर कामगाराच्या जागी रोजंदारीने घेतले जाणारे ‘बदली’ त्याच्यावर सर्वाधिक अवलंबून असत. पहाटे फाटकाशी उभे राहावे आणि जॉबरने बोट दाखविले तर आत जावे, असा त्यांचा दिनक्रम होता.

मुंबई गिरणीमालक संघाने १९३५ मध्ये बदली-नियंत्रण योजना अंमलात आणली. ठराविक संख्येच्या बदली कामगारांना महिन्याच्या पहिल्या तारखेस कार्ड द्यावे आणि त्यांनाच आधी काम द्यावे, असे तिचे स्वरूप होते. ही योजना एकट्या मालकांची होती व तिची अंमलबजावणी गिरणीगणिक वेगळी होई. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्य सरकारने ती व्यापक पायावर नेली. अहमदाबादेत १९४९ मध्ये आणि मुंबईत १९५० मध्ये कापडगिरणी कामगारांसाठी अनैमित्तिकता-निवारण योजना सुरू झाली. तिच्यात सेवायोजन खात्याकडे कामगारांची एक सामाईक नोंद असे. एका गिरणीतून कमी झालेल्या कामगाराला दुसरीत पाठविता येई आणि रिक्त जागा या नोंदीतूनच भराव्यात, असे गिरण्यांनी मान्य केले होते. योजना ऐच्छिक होती, हे तिचे बळ आणि दौर्बल्यही. गिरण्या कागदावर चिठ्ठी मागवीत. प्रत्यक्षात कोणाचे नाव पुढे येईल, हे खात्यातील जुने संबंध ठरवीत राहिले. कामगारांची बाजू मांडणारी संघटनाही १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली मान्यताप्राप्त अशी एकच असे. तिच्यावरील कामगारांचा विश्वास ओसरत गेला, तसतसे त्रिपक्षीय सहकार्यातील तिसरे माणूस नावापुरते उरले. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपाच्या मागण्यांत बदली कामगारांना कायम करण्याची मागणीही होती.

गोदीत मात्र ऐच्छिकतेवर विसंबण्यात आले नाही. जहाज कधी लागेल यावर तेथील काम अवलंबून. त्यामुळे एक दिवस झुंबड आणि पुढचे चार दिवस उपास, अशी स्थिती असे. मजूर पुरविणारा टोळीवाला हा गोदीतील जॉबरच. गोदी कामगार (रोजगार विनियमन) अधिनियम, १९४८ या केंद्रीय कायद्याखाली मुंबईसाठी १९५१ मध्ये योजना जाहीर झाली आणि शासन, गोदी कामगार व मालक यांच्या प्रतिनिधींचे मंडळ कारभार पाहू लागले. काही कामगार मासिक पगारावर, तर इतर राखीव संचात नोंदले गेले. राखीव संचातील कामगारांना पाळीपाळीने काम मिळे, महिन्यातील किमान दिवसांच्या वेतनाची हमी असे आणि हजर राहूनही काम न मिळाल्यास हजेरीभत्ता मिळे. कामाची अनिश्चितता नाहीशी झाली नाही. तिचा भार मात्र एकट्या मजुराच्या पोटावरून सर्व धंद्यावर वाटला गेला. पुढे पेटीबंद मालवाहतुकीमुळे हातांची गरज घटली आणि १९९४ मध्ये हे मंडळ मुंबई बंदर न्यासात विलीन झाले.

खलाशांचा प्रश्न रत्नागिरीला अधिक जवळचा होता, कारण या किनाऱ्यावरील अनेक घराण्यांतील पुरुष पिढ्यान् पिढ्या परदेशी कंपन्यांच्या आगबोटींवर चाकरी करीत. दलाल आणि सारंग यांच्यामार्फत होणाऱ्या त्यांच्या भरतीची चौकशी १९२२ मध्ये एका समितीने केली. त्याआधी, १९२० मध्ये, जिनोआ येथील परिषदेने खलाशांना काम देण्याच्या बदल्यात पैसे घेणे बंद व्हावे आणि कार्यालयांच्या समित्यांवर जहाजमालक व खलाशी यांचे समसमान प्रतिनिधी असावेत, असा संकेत संमत केला होता. मुंबईत नाविक सेवायोजन कार्यालय उघडण्यास १९५४ साल उजाडले. या कार्यालयाच्या नामावलीतून क्रमाने काम मिळू लागले. १९५८ च्या व्यापारी नौवहन अधिनियमाने त्यास वैधानिक आधार दिला; २००५ च्या नियमांनंतर परवानाधारक खाजगी संस्थांमार्फत होणाऱ्या भरतीला स्वतंत्र चौकट मिळाली.

सर्वसामान्य सेवायोजन कार्यालयांचा उगम वेगळा आहे. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी ती १९४५ मध्ये केंद्र सरकारने स्थापिली, पुढे ती सर्वांना खुली झाली आणि बी. शिवराव समितीच्या शिफारशींनुसार १ नोव्हेंबर १९५६ पासून त्यांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला. मालक-कामगारांच्या समान प्रतिनिधित्वाच्या सल्लागार समित्या सांगणाऱ्या १९४८ च्या ८८ क्रमांकाच्या संकेतास भारताने १९५९ मध्ये मान्यता दिली. त्याच वर्षीच्या कायद्याने (अंमल १ मे १९६० पासून) सर्व सरकारी आस्थापना आणि पंचवीस वा अधिक कामगारांच्या खाजगी आस्थापना यांना रिक्त जागा कळविणे सक्तीचे झाले. कळविणे सक्तीचे, भरणे नव्हे. ही मेख कायद्यातच होती. कार्यालयाने पाठविलेल्या उमेदवारांतूनच भरती करण्याचे बंधन हा कायदा घालीत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये स्पष्ट केले आणि १९९६ मध्ये जाहिरातीद्वारे आलेल्या इतर अर्जदारांचाही विचार व्हावा, असे सांगितले. सल्लागार समित्या सल्ल्यापुरत्याच राहिल्या. शहरी सुशिक्षितांच्या दृष्टीने हे कार्यालय म्हणजे ‘नाव नोंदविण्याची’ जागा बनले.

चिपळूण तालुक्यातील अलोरे हे गाव या मर्यादा समजण्यास उपयोगी पडते. कोयना जलविद्युत् प्रकल्पाच्या पश्चिमेकडील कामांमुळे येथे प्रकल्पाची वसाहत उभी राहिली. जवळच पोफळी व कोळकेवाडी येथील कामे झाली. चौथ्या टप्प्यासाठी शिवसागर जलाशयाला १९९९ मध्ये पाण्याखालून छिद्र पाडण्यात आले. अशा प्रकल्पावर रोजगाराचे तीन वेगळे रस्ते असतात. कायम सरकारी पदांसाठी सेवायोजन कार्यालयाची यादी. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्यासाठी पुनर्वसन अधिकाऱ्याचा दाखला आणि वर्ग तीन व चारच्या शासकीय पदांत पाच टक्के समांतर आरक्षण. आणि खोदाई-बांधकामाच्या मोठ्या संख्येच्या कामासाठी ठेकेदाराचा मुकादम. पहिल्या दोन यादी शासनाच्या, तिसरी कोठेच लिहिलेली नसते. या तिन्ही रस्त्यांवर मालक व कामगार एकत्र बसून पाळी ठरवितात, असे स्थान नाही. बांधकाम संपले की तिसऱ्या रस्त्याने आलेला मजूर कोणत्याही नोंदवहीत न उरता पुढच्या धरणाकडे जातो.

या तिसऱ्या रस्त्यावरच्या माणसासाठी महाराष्ट्राने केलेला सर्वांत मौलिक प्रयत्न म्हणजे माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (रोजगार विनियमन व कल्याण) अधिनियम, १९६९. माथ्यावर ओझे वाहतो तो माथाडी. मुंबईच्या मशीद बंदर परिसरातील बाजारांत गोण्या वाहणारे हे कामगार मुख्यतः सातारा, पुणे या घाटावरील जिल्ह्यांतून आलेले. एकच मजूर दिवसात पाच दुकानांचा माल उतरवी. मग त्याचा मालक कोण? कारखान्यासाठी रचलेल्या कायद्यांना याचे उत्तर देता येत नव्हते. पुण्यात बाबा आढाव यांनी १९५५ मध्ये हमाल पंचायत स्थापिली होती. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींना संघटित केले. त्यांच्या लढ्यांतून आलेल्या या कायद्याने मालक कोण हा प्रश्न बाजूस सारून मंडळालाच मध्ये उभे केले. मालक व कामगार यांचे प्रतिनिधी मंडळावर समान संख्येने असतात आणि शासनाचे सदस्य त्यांच्या एकूण संख्येच्या एकतृतीयांशाहून अधिक असत नाहीत. व्यापारी व कामगार दोघांचीही नोंद होते. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरील ठराविक टक्के लेव्ही मंडळाकडे भरतो. मंडळ टोळीतील प्रत्येकास मजुरी देते आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, रजा व औषधोपचार यांची तरतूद करते. टोळी मोडण्यात आली नाही, हे या रचनेतील शहाणपण. मात्र हिशेब मुकादमाच्या हातून मंडळाच्या वहीत आला.

मंडळांविरुद्धच्या तक्रारीही जुन्या आहेत. लेव्ही थकविणारे व्यापारी, नोंद टाळण्यासाठी हमालांना नोकर म्हणून दाखविणे, रखडलेल्या नेमणुकांमुळे प्रतिनिधींविना अधिकाऱ्यानेच चालविलेला कारभार आणि माथाडींच्या नावाने खंडणी मागणाऱ्या बनावट टोळ्या, हे प्रश्न घाऊक बाजार नवी मुंबईत गेल्यावरही सुटले नाहीत. तरीही ही रचना इतर धंद्यांना अनुकरणीय वाटली : १९८१ च्या कायद्याने खाजगी सुरक्षारक्षकांसाठी तशीच मंडळे आली. घरकामगारांसाठी २००८ मध्ये झालेल्या कायद्याने मात्र केवळ कल्याण मंडळ दिले. त्या मंडळाकडे नोंद होते, काम मिळत नाही. घर आणि कामवाली यांची गाठ शेजारणीच्या ओळखीनेच पडते.