जुन्या सायकलीची साक्ष

यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील राजूर हे गाव कोळशाच्या खाणीसाठी आणि चुनाभट्ट्यांसाठी ओळखले जाते. अशा गावाचा इतिहास लिहावयाचा म्हटले की, आपण प्रथम कंपनीची दप्तरे, जमिनीचे नकाशे आणि मजुरीचे हिशेब शोधू लागतो. घराच्या भिंतीला टेकलेली गंजकी सायकल मात्र कोणी पुरावा म्हणून पाहत नाही. वास्तविक खाणीच्या गावांत कामगाराला पाळीवर वेळेवर पोहोचविणारे, बाजाराची पिशवी आणि शाळेचे मूल वाहणारे वाहन दीर्घकाळ हेच होते. अशी सायकल भंगारवाल्याच्या काट्यावर चढते तेव्हा लोखंडाबरोबर एका कुटुंबाचा इतिहासही तोलला जातो.

जुन्या सायकलींचे जतन हा आपल्याकडे अपरिचित विषय राहिलेला नाही. पुण्यातील श्री. विक्रम पेंडसे यांनी अनेक वर्षे जमविलेल्या सायकलींचे संग्रहालय २०१७ साली कर्वेनगर येथे खुले केले. सायकलींबरोबर दिवे, घंट्या, पंप अशा वस्तूही तेथे जपल्या आहेत. या संग्रहातील बीएसए कंपनीची पॅराट्रूपर सायकल अभ्यासकाने आवर्जून पाहावी अशी आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांसाठी ही घडीची सायकल तयार झाली. दोन पाकोळी नट सैल केले की तिचा सांगाडा मधोमध दुमडतो. पायडलांच्या जागी साध्या दांड्या असून त्या आत सरकविता येतात. विमानातून सोडताना ती उलटी बांधीत, म्हणजे जमिनीचा पहिला आघात सीट व हँडल यांवर बसून चाके वाचत. १९४२ ते १९४५ या काळात अशा साठ हजारांहून अधिक सायकली तयार झाल्या, तरी सर्व भागांसह शाबूत असलेली सायकल आज दुर्मिळ आहे.

खडतर वाटेवर सायकल नेण्याची कल्पना सैन्यापुरती मर्यादित नव्हती. १९२३ साली मुंबईहून निघालेल्या आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या पारशी तरुणांनी सायकलीवरून जगप्रदक्षिणा करून १९२८ साली मायदेश गाठला. त्या वेळी ‘माउंटन बाइक’ हा शब्दही जन्मला नव्हता.

त्या शब्दामागील वाहनाचा जन्म अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात झाला, आणि तोही मोडक्या सायकलींतून! मरीन परगण्यातील काही तरुणांनी १९७० नंतरच्या दशकात, १९३०-४० च्या सुमारास बनलेल्या श्विन कंपनीच्या जाड टायरच्या सायकली अडगळीतून बाहेर काढल्या आणि डोंगरउतारावर पिटाळल्या. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळ त्यांची पहिली शर्यत झाली. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्येच असे. उतारावर तो इतका तापे की, आतील ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर नवे भरावे लागे. ‘पुन्हा भरणे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरूनच त्या उताराला ‘रिपॅक’ हे नाव पडले. पुढे जो ब्रीझ या कारागिराने १९७७-७८ मध्ये खास डोंगरासाठी दहा सायकली स्वतः घडविल्या. त्यांपैकी पहिली आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

येथे जतन करणाऱ्यापुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. त्या तरुणांनी जुन्या श्विनचे मडगार्ड काढले, हँडल बदलले, गिअर जोडले. आज अशी एखादी सायकल हाती आली तर तिला कारखान्यातून निघाल्या दिवसाचे रूप द्यावे काय? तसे केले तर माउंटन बाइकच्या जन्माचा पुरावाच आपल्या हातांनी पुसला जाईल. आपल्या खाणगावातील सायकलीलाही हाच न्याय लावला पाहिजे. जड ओझ्यासाठी वेल्डिंग करून बसविलेले कॅरिअर कारखान्याचे नसेल. पण ते तिच्या धन्याच्या कष्टांचे आहे. ते कापून टाकण्याचा अधिकार आपल्याला सहजासहजी मिळत नाही.

म्हणून जुनी सायकल हाती येताच रंगाचा डबा उघडू नये, वही उघडावी. प्रथम सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक शोधावा. स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा हब असेल तर त्यावर निर्मितीच्या वर्षाचे आकडे कोरलेले असतात. ‘५६’ म्हणजे १९५६. अर्थात हब मागाहून बदललेला असू शकतो, तेव्हा एका साक्षीदारावर निकाल देऊ नये. नुसत्या नावावरही विसंबू नये. बीएसए हे नाव बर्मिंगहॅमच्या सायकलीवर आहे, तसेच पुढे मद्रासच्या टी. आय. सायकल्सने बनविलेल्या सायकलीवरही आहे. मुंबईच्या वरळी येथील हिंद सायकल्सचे १९८० साली राष्ट्रीयीकरण झाले. आज तो कारखाना राहिलेला नाही. त्यामुळे तेथील सायकलीवरचे पितळी चिन्ह हाच आता तिचा जन्मदाखला होय. नगरपालिकेच्या सायकल कराचा बिल्ला सापडला तर गाव आणि वर्ष दोन्ही उलगडू शकतात.

मग दुरुस्ती. मळ सौम्य साबणाच्या पाण्याने काढावा. सोनेरी रेघा आणि अक्षरे असतील तेथे पॉलिश कागद मुळीच लावू नये. गंजून बसलेल्या नटावर हातोडा घालण्यापूर्वी त्याला तेलात मुरू द्यावे. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, हे विसरून जोर लावला तर क्रँक कायमची बिघडते. छर्रे, ग्रीस, टायर, ब्रेकचे रबर ही झिजणारी अंगे आहेत; ती बदलण्यात संकोच नसावा. मात्र काढलेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी लावून ठेवावा. जुना रंग एकदा खरवडला की, कोणत्याही किमतीला परत मिळत नाही.

वाचकहो, या कामात सर्वांत नाशवंत भाग लोखंडाचा नाही. सायकल कोणी घेतली, कितीला घेतली, तिच्यावरून कोण कोठे गेले, हे सांगणारी माणसे वृद्ध झाली आहेत. चाकाची तार हाताने ताणून गोलाई साधणारे जुने मिस्त्रीही थोडेच उरले आहेत. गंजाला थोपविता येते. विस्मृतीवर मात्र अद्याप तेल निघालेले नाही. तेव्हा आपल्या घरात अशी सायकल असेल, तर तिला ऊन-पावसातून आत घ्यावे आणि त्याच संध्याकाळी घरातील वडीलधाऱ्यांजवळ वही घेऊन बसावे. दुरुस्ती पुढच्या वर्षी केली तरी चालेल.