एएम केंद्राला एफएम ट्रान्सलेटरची जोड

ज्या प्रक्षेपणात वाहक लहरीचा आयाम ध्वनीनुसार बदलतो ते एएम. ज्यात आयाम स्थिर राहून वारंवारता बदलते ते एफएम. अमेरिकेत पहिल्यासाठी ५४० ते १७०० किलोहर्ट्झ आणि दुसऱ्यासाठी ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ हे पट्टे नेमलेले आहेत. एखाद्या केंद्राचा कार्यक्रम घेऊन तो वेगळ्या वारंवारतेवर पुन्हा प्रक्षेपित करणारा अल्पशक्तीचा प्रक्षेपक म्हणजे ट्रान्सलेटर. हेच कार्य मूळ वारंवारतेवर करणाऱ्या साधनाला बूस्टर म्हणतात. त्याचा येथे विचार नाही. भारतात मध्यम लहरींवरील प्रसारण आकाशवाणीपुरतेच राहिले आणि खासगी केंद्रांना परवाने मिळाले ते एफएमचे. त्यामुळे छोट्या खासगी एएम केंद्राने एफएमचा आधार घ्यावा का, हा प्रश्न आपल्याकडे उद्भवलाच नाही. पुढील विवेचन अमेरिकेपुरते आहे.

एएमची दुर्बलता तीन प्रकारची आहे. पहिली गोंगाटाची. वीज, तारा, मोटारी आणि घरातील इलेक्ट्रॉनिक उपकरणे यांतून निघणारे विद्युत विक्षोभ आयामावरच आघात करतात, आणि एएमचा संदेश आयामातच असतो. दुसरी ध्वनीच्या मर्यादेची. या पट्ट्यात वाहिन्या १० किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेल्या असल्यामुळे संगीताचा वरचा भाग छाटला जातो. या दोन्ही सर्वपरिचित आहेत.

तिसरी दुर्बलता रात्रीची, आणि तीच निर्णायक होय. दिवसा आयनांबराचा खालचा स्तर मध्यम लहरी शोषून घेतो, म्हणून केंद्र केवळ भूलहरीने, आपल्या परिसरातच ऐकू येते. सूर्यास्तानंतर हा स्तर विरतो, वरच्या स्तरांवरून लहरी परावर्तित होतात आणि शेकडो मैलांवरची केंद्रे एकमेकांवर आदळतात. याचा परिणाम केंद्राच्या वर्गानुसार भिन्न होतो. ५० किलोवॅटपर्यंतच्या ‘अ’ वर्गाला रात्री संरक्षण आहे. ‘क’ वर्गाची स्थानिक केंद्रे १ किलोवॅटवर चालतात. ती सारी १२३०, १२४०, १३४०, १४००, १४५० आणि १४९० या सहा वारंवारतांवर दाटलेली आहेत. एकेका वारंवारतेवर शंभराहून अधिक केंद्रे असल्यामुळे रात्री त्यांचे क्षेत्र गावाच्या वेशीपर्यंत आक्रसते. ‘ड’ वर्गाला रात्री शक्ती नाममात्र करावी लागते किंवा प्रक्षेपणच थांबवावे लागते. छोट्या गावात शरद ऋतूतील शुक्रवारी संध्याकाळी शालेय फुटबॉलचा सामना असतो. त्याचे धावते समालोचन हा स्थानिक केंद्राचा सर्वाधिक ऐकला जाणारा कार्यक्रम, आणि त्यावर जाहिराती देणारी दुकानेही त्याच गावातली. नोव्हेंबरात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो आणि सामना सातला सुरू होतो. श्रोता रेडिओजवळ बसतो त्याच क्षणी केंद्र क्षीण झालेले असते.

यावरून ट्रान्सलेटरचे प्रयोजन निश्चित होते. एफएमच्या लहरींना आयनांबराचा हा दैनंदिन फेरा सहसा बाधत नाही. त्या दृष्टिरेषेत जातात आणि दिवसरात्र सारख्याच राहतात. शिवाय एकाच वारंवारतेवरील दोन संकेतांपैकी प्रबळ संकेतच एफएम ग्राहक पकडतो. म्हणून ट्रान्सलेटरची कमाल २५० वॅट शक्तीही, अँटेना पुरेशी उंच असल्यास, गाव आणि लगतची वस्ती व्यापते.

मात्र हा अधिकार एएमला सहज मिळाला नाही. १९७० मध्ये ट्रान्सलेटरची सेवा निर्माण झाली ती डोंगराआड राहिलेल्या वस्त्यांपर्यंत एफएम केंद्रे पोहोचवण्यासाठी. एएमला तिचा नियमित लाभ २००९ मध्ये मिळाला. तेव्हाही नवे परवाने दिले गेले नाहीत. आधी मंजूर झालेलेच ट्रान्सलेटर वापरायचे होते. क्षेत्राची अट अशी की ट्रान्सलेटरची सेवारेषा, म्हणजे जेथवर संकेत पुरेसा प्रबळ राहतो ती सीमा, एएमची दिवसाची २ मिलिव्होल्ट प्रति मीटर ही रेषा आणि २५ मैलांची त्रिज्या यांतील जे लहान असेल त्याच्या आत राहावी. शेजारच्या केंद्राच्या रक्षणासाठी एका दिशेला शक्ती आवरून धरणाऱ्या केंद्रांची सेवारेषा त्या बाजूला मनोऱ्याच्या अगदी जवळून जाते, म्हणून ही अट त्यांना जाचक ठरली. २०१७ मध्ये ‘लहान’ऐवजी ‘मोठे’ असा बदल झाला. शब्द एकच बदलला, परंतु असंख्य गावांचा नकाशा त्याने पालटला.

एएमशी ट्रान्सलेटरचे बंधनही दोन प्रकारचे आहे. २०१६ मध्ये एएम केंद्रांना २५० मैलांपर्यंतचा ट्रान्सलेटर विकत घेऊन आपल्या गावी हलवण्याची संधी मिळाली. त्याने त्या एएमचा कार्यक्रम किमान चार वर्षे देणे बंधनकारक होते. पुढे २०१७ आणि २०१८ मध्ये अर्ज मागवून जे नवे परवाने दिले गेले ते मात्र आपापल्या एएमशी कायमचे जखडलेले आहेत. त्यांची वेगळी विक्री होऊ शकत नाही. दुसरी पद्धत अधिक न्याय्य होय. पहिल्या पद्धतीत ग्रामीण भागातील ट्रान्सलेटर उचलले गेले आणि त्याचे मूल्य कोणत्या तरी दूरच्या वस्तीने मोजले.

ट्रान्सलेटरचा कायदेशीर दर्जा दुय्यम आहे. पूर्ण शक्तीच्या केंद्राला त्याचा व्यत्यय होता कामा नये, आणि त्या केंद्राकडून होणारा व्यत्यय त्याने निमूटपणे सोसावा. ही गौणता त्याच्या नावातही दिसते. स्वतंत्र केंद्राला अक्षरांचे नाव असते. ट्रान्सलेटरच्या नावात ‘डब्ल्यू’ किंवा ‘के’नंतर वाहिनीचा तीन अंकी क्रमांक आणि मग दोन अक्षरे येतात. २५० हा क्रमांक असल्यास ती वाहिनी ९७.९ मेगाहर्ट्झची, असे नाव पाहताच समजते. २०१९ पूर्वी दूरवरच्या एखाद्या श्रोत्याच्या तक्रारीवरूनही ट्रान्सलेटर बंद पडू शकत असे. त्या वर्षी तक्रारींची किमान संख्या आणि तक्रारक्षेत्राची बाह्य सीमा ठरवण्यात आली, आणि वारंवारता बदलून मार्ग काढण्याचीही मुभा मिळाली.

आता मुख्य प्रमेय. कायद्यात एएम प्रधान आणि ट्रान्सलेटर आश्रित. श्रवणात क्रम उलटतो. केंद्र आपल्या घोषणेत एफएमचाच आकडा पुढे करते, जाहिरातदार तोच फलकावर लिहितो, मोटारीत तोच लावला जातो. तरीही एएम बंद पडल्यास ट्रान्सलेटरचा आधार संपतो. दिवसाच्या केंद्राचा ट्रान्सलेटर रात्री चालू राहू शकतो, पण मागील २४ तासांत एएम चाललेले असेल तरच. याचा आर्थिक अर्थ गंभीर आहे. १००० किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी ३०० मीटर, म्हणून पाव लहरीचा मनोरा ७५ मीटरचा. त्याच्या बुडाशी जमिनीत सर्व दिशांना पुरलेल्या तांब्याच्या तारा, प्रचलित मानकानुसार १२०, आणि त्यांच्यासाठी कित्येक एकर मोकळी जागा. शहर त्या जागेपर्यंत पसरले की जमिनीचे मोल केंद्राच्या उत्पन्नापेक्षा अधिक होते. २५० वॅटचा आश्रित टिकवण्यासाठी मालकाला हा सारा पसारा राखावा लागतो.

यातून दोन निष्कर्ष निघतात आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत. ‘एएमचे पुनरुज्जीवन’ या नावाने २०१३ मध्ये आरंभलेल्या प्रक्रियेतील हा सर्वांत लोकप्रिय उपाय एएम लहरीला कोणतेही बळ देत नाही. गोंगाट, वाहिन्यांची दाटी आणि रात्रीचा संकर पूर्वीइतकाच राहतो. किंबहुना श्रोता एफएमकडे वळल्याने एएमचे यंत्र सुधारण्याची निकड कमी होते. याउलट गावातील शाळाबंदीची सूचना, निधनवार्ता, बाजारभाव, नगरपरिषदेची सभा आणि शुक्रवारचा सामना प्रक्षेपित करणारी संस्था जगते. स्थानिक प्रसारणाचे मूल्य या आशयात आहे. म्हणून दुसरा लाभ पहिल्या उणिवेपेक्षा मोठा मानला पाहिजे.

त्यातून कोण वगळले जाते, तेही नोंदवले पाहिजे. पहिला वर्ग सेवारेषेबाहेरच्या शेतांवरील श्रोत्यांचा. भूलहर दिवसा त्यांच्यापर्यंत पोहोचते, २५० वॅटचे एफएम पोहोचत नाही. दुसरा वर्ग अल्पशक्तीच्या सामुदायिक एफएम केंद्रांचा. तीही त्याच पट्ट्यातील उरलेल्या जागांवर अवलंबून असतात. २००३ च्या एकाच अर्जकाळात ट्रान्सलेटरसाठी तेरा हजारांहून अधिक अर्ज आले, आणि जानेवारी २०११ मध्ये अमलात आलेल्या स्थानिक सामुदायिक रेडिओ कायद्याने या केंद्रांसाठीही जागा उपलब्ध राहिली पाहिजे असे बजावले. दाट शहरांत ती जागा आज क्वचितच उरली आहे. आणि आपला स्वतंत्र कार्यक्रम असलेल्या केंद्राला ती नाकारून दुसऱ्याचा कार्यक्रम पुन्हा देणाऱ्या यंत्राला देणे केवळ त्याच गावात समर्थनीय ठरते, जेथे त्या एएमखेरीज दुसरे स्थानिक प्रसारण नाही.